तुझ्या आईला सांग

बाबा गेल्यापासून आमच्या भांडुपच्या खोलीत जो कोणी येई, तो चपला काढता काढता एकच विचारी. "शेवटी काही बोलले का गं?"

"नाही," मी म्हणायचे. "शुद्धच नव्हती."

मग ती माणसं सतरंजीवर टेकायची, चहा नको म्हणायची आणि बाबांचं कौतुक सुरू करायची. असा माणूस होणे नाही. काय ते बोलणं, काय ते हसणं! मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगाच नाही. तरी मी ऐकून घ्यायचे, कारण त्यातलं बरंचसं खरं होतं. चाळीत कोणाचं रेशनकार्ड अडलं, कोणाच्या नळाला पाणी येईना, कोणाच्या सुनेचं माहेरशी वाजलं, की पहिली हाक बाबांना. ते जायचे, तासभर बोलायचे, समोरच्याला हसवून यायचे. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की मात्र त्यांचं तोंड मिटायचं.

आई ओट्याखाली भिंतीला टेकून बसलेली असायची. लोक मला विचारायचे तेव्हा तिची मान किंचित वर व्हायची. माझं उत्तर ऐकलं की परत खाली. तिने स्वतः विचारलं नव्हतं. पण शेवटच्या वेळी त्यांच्याजवळ मी एकटी होते हे तिला माहीत होतं, आणि शेवटच्या संध्याकाळपर्यंत त्यांची शुद्ध चांगली होती हेही. तिला एवढंच हवं होतं, की जाताना ह्या माणसाने तिच्यासाठी एखादा शब्द मागे ठेवला का. कारण बावीस वर्षं बाबा आईशी एक अक्षर बोलले नव्हते.

हे सांगितलं की लोकांना वाटतं, वेगळे राहत असतील. कुठले वेगळे राहणार? टेकडीवरच्या बैठ्या चाळीत दहा बाय पंधराची खोली. त्यात मोरी, ओटा, कपाट, पलंग आणि आईचं शिलाई मशीन. एकाला मोरीत जायचं असेल तर दुसऱ्याने पाय वर घ्यायचे. अशा खोलीत दोन माणसं बावीस वर्षं एकमेकांशी न बोलता राहिली. एकमेकांच्या हातचं घेतलं, एकाच बादलीतलं पाणी वापरलं, गौरी-गणपतीला गावी जाताना एकाच बाकावर बसून गेली. बोलायचं असलं की मला सांगायचं. बाबांचं ठरलेलं वाक्य होतं, "तुझ्या आईला सांग."

मी नववीत होते तेव्हा हे सुरू झालं. बाबा मरोळच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. गावच्या मंडळात, भावकीत, चाळीत त्यांना "सायेब" म्हणायचे. कोकणातून आलेल्या आमच्या माणसांत बाप-आजे गिरणीत खपलेले, त्यामुळे कोणी खुर्चीवर बसून दुसऱ्याकडून काम करून घेतो ह्याचं फार अप्रूप. बाबांना तर स्वतःचंच अप्रूप होतं. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. मग ती नोकरी सुटली. का सुटली, मला आजही नीट माहीत नाही. आईला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की तिकडचं संपलं, दुसरीकडे लागलोय. ते कोणाला सांगायचं नाही असं काही बोलले नव्हते. त्यांना वाटलं असेल, हे काय सांगावं लागतं?

एका रविवारी मंडळाची बैठक आमच्याकडे होती. गावच्या देवळाच्या सभामंडपाचं काहीतरी चाललं होतं. बोलता बोलता एकाने बाबांना म्हटलं, "माझ्या भाच्याला चिकटव ना तुझ्या कंपनीत. बारावी झालाय." बाबा म्हणाले, "बघू की. साहेबांच्या कानावर घालतो." आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. त्या भाच्याची आई तिच्या माहेरच्या वाडीतली. ती बाई आता आस लावून बसणार, असं आईच्या मनात आलं आणि ती पटकन बोलून गेली, "अहो, पण तुम्ही आता तिथे कुठे आहात?"

सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. मग बाबा मोठ्याने हसले. "हिला काय कळतंय? डिपार्टमेंट बदललं म्हणून सांगितलं, तर हिला वाटलं कंपनीच सुटली." सगळे हसले. आईसुद्धा हसली, पदर तोंडाला लावून. तिला वाटलं सावरलं गेलं. आणि सावरलं गेलंच होतं. कोणालाही संशय आला नाही, पुढे कधीच आला नाही.

माणसं गेल्यावर बाबांनी रिकामा कप खाली ठेवला. आई हातभर अंतरावर बसली होती. तिच्याकडे न बघता ते मला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, कप उचल म्हणावं."

मला वाटलं थट्टा चाललीय. मी हसत हसत म्हटलं, "आई, कप उचल म्हणतायत बाबा." तीही हसली. चार दिवसांनी आम्ही दोघी हसायच्या बंद झालो.

ह्या कामात मी लवकरच तरबेज झाले. बाबा म्हणायचे, "तुझ्या आईला सांग, आमटीत नदी सोडलीय का?" मी सांगायचे, "बाबांना आमटी जरा पातळ वाटली." आई म्हणायची, "सांग त्यांना, उभं आयुष्य काढलं ह्या घरात, आता तरी माणसासारखं वागा." मी सांगायचे, "आई विचारतेय, उद्या डब्याला काय देऊ." एकीकडचं निखाऱ्यासारखं आलेलं दुसरीकडे विझवून द्यायचं. कोणी शिकवलं नव्हतं. घरात राहायचं होतं, म्हणून शिकले.

पुढे नुसतं विझवण्यावर भागेना. मी पदरचं घालायला लागले. एका बुधवारी आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. बाबा जेवले, हात धुऊन बाहेर गेले. आई ताटाकडे बघत बसली. मला ते बघवलं नाही. मी म्हटलं, "बाबा म्हणाले, आज तिखलं झकास झालंय." आईचा चेहरा असा काही झाला की मला माझीच भीती वाटली. त्यानंतर वर्षानुवर्षं दर बुधवारी आमच्याकडे बांगड्याचं तिखलं. बांगडा महाग असो, शिळा असो, आईला ताप असो. बाबांना मुळात बांगडा आवडायचा नाही. ते एकदा मला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, दुसरा मासा मिळत नाही का बाजारात?" ते मी कधीच सांगितलं नाही.

सतरा वर्षांची असताना मी एकदा अंधेरीला टायपिंगच्या परीक्षेला गेले होते. येताना चुकीच्या बसमध्ये बसले आणि मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या कोपऱ्यावर उतरले. एका इमारतीच्या गेटवर गाडी थांबली होती. निळा युनिफॉर्म घातलेल्या वॉचमनने गेट उघडलं, गाडीला सलाम ठोकला, गेट लावलं. ते बाबा होते. घरून इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे, पिशवीत डबा आणि पेपर. युनिफॉर्म तिथेच बदलत असावेत. मी एका टेम्पोच्या मागे उभी राहिले. तेवढ्यात दुसरी गाडी आली, दुसरा सलाम.

त्या दिवशी मला त्यांची दया आली हे खरं आहे. घरी जाऊन त्यांच्या गळ्यात पडावं असं वाटलं. संध्याकाळी ते इस्त्रीच्या शर्टात आले, पाय धुतले आणि म्हणाले, "तुझ्या आईला सांग, चहा टाक." तिथल्या तिथे ती दया वाळून गेली. दिवसभर परक्यांच्या गाड्यांना सलाम ठोकायला ह्या माणसाचा हात दुखत नव्हता. घरी ज्या बाईने त्याचं पितळ झाकून ठेवलं, तिला "चहा टाक" म्हणायला मात्र जीभ उचलत नव्हती. मी जे पाहिलं ते कोणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. तिला ते ठाऊक होतं हे मला फार उशिरा कळलं. युनिफॉर्मचा फाटलेला खिसा एकदा तिनेच शिवून दिला होता. तोसुद्धा माझ्यामार्फत आला होता, "मित्राचा आहे म्हणावं" असं सांगून.

साठीला भावकीने त्यांचा सत्कार केला. सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले म्हणून. शाल, श्रीफळ, भाषण. आई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

मोबाईल आल्यावर मला वाटलं, सुटलो. मी आम्हा तिघांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. म्हटलं, आता थेट लिहितील, तोंड उघडायला नको. बाबांचा पहिला मेसेज आला : "आईला सांग गॅस संपत आलाय." आई माझ्या शेजारी बसून फोनवर तेच वाचत होती. तिने बोटाने हळूहळू टाईप करून त्याच ग्रुपवर उत्तर दिलं : "सांग त्यांना नंबर लावलाय." सुंभ जळला तरी पीळ जात नाही. चाळीतल्या झाडून सगळ्यांना रोज गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात जायचं. आईला तेवढं गेलं नाही.

आता मला स्वतःचं सांगितलं पाहिजे, नाहीतर हे सगळं मी आईच्या वतीने बोलतेय असं होईल, आणि वतीने बोलणं मी पुष्कळ केलंय. मी मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर काम करते. लोकांच्या हातात बंद पाकिटं देते. तिथे माझ्याबरोबर एक जण होता. त्याला नाशिकला चांगली नोकरी लागली, तेव्हा त्याने मला लग्नाचं विचारलं. मी घरी सांगितलं. बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तुझ्या आईला सांग, पोरगी घालवायची असेल तर घालव. मला विचारू नको."

आई ओट्याशी वाट बघत उभी होती. मी सवयीने ते धुऊन पुसून दिलं. "बाबांना विचार करायला थोडा वेळ हवाय."

आई वाट बघायला लागली. तिला खरंच वाटलं की ते विचार करतायत. घालव म्हणजे दे, एवढा सरळ अर्थ लावून मी निघून गेले असते तर? पण मी गेले तर ह्या घरात बोलणार कोण, हा किडा डोक्यात होताच. वर्षभर मी नाशिकला उत्तर देत राहिले, थोडं थांब. दोन वर्षांनी त्याची पत्रिका आली. रीतसर, छापील. बाबांनी ती वाचली आणि टीव्हीवर ठेवून दिली. दोष निम्मा माझा आहे, मान्य. पण उरलेला निम्मा त्या माणसाचा आहे, आणि तो मी त्याला माफ केलेला नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर बाबांना दम लागायला लागला. पालिकेच्या रुग्णालयात नऊ दिवस होते. पुरुषांच्या वॉर्डात कोपऱ्यातली खाट. मी लॅबमधून रजा घेऊन तिथेच बसायचे. आई रोज दुपारी भेटीच्या वेळेला पेज घेऊन यायची. टेकडीच्या एकशे चाळीस पायऱ्या, मग शेअर रिक्षा, मग बस. तिचे गुडघे गेलेले. आली की डबा माझ्या हातात द्यायची आणि खाटेच्या पायथ्याशी उभी राहायची. एकच स्टूल होतं, त्यावर मी. मी उठले तरी ती बसायची नाही. बाबा छताच्या पंख्याकडे बघत पेज खायचे. वेळ संपली की ती डबा घेऊन निघायची. नऊ दिवस तिला त्या माणसाने मान वळवून बघितलं नाही.

नवव्या दुपारी आई डबा विसळायला बाहेरच्या नळावर गेली. बाबांनी बोटाने मला जवळ बोलावलं. तोंडावरचा मास्क जरा सरकवला. "तुझ्या आईला सांग," ते म्हणाले, आणि त्यांना ढास लागली. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. मला वाटलं, आता. इतकी वर्षं ज्यासाठी हमाली केली ते आता येतंय.

"उद्यापासून डबा नको म्हणावं. उगाच येऊन उभी राहते."

त्यांनी मास्क परत लावला. मी विचारलं, "अजून काही?" त्यांनी हात हलवला, माशी हाकलावी तसा. संध्याकाळी ते बोलेनासे झाले आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना गेले.

म्हणून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला "शुद्ध नव्हती" असं सांगत होते. आईला तोंडावर काय सांगायचं ते माझं ठरत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे असं काही आलं होतं जे विझवायला जमत नव्हतं. विझवून उरणार काय?

आत्या गावाहून आली ती दुसऱ्याच दिवशी. बाबांची थोरली बहीण, घरातली एकमेव जाणती. आमच्याकडे पद्धत आहे, माणूस गेला की घरात दिवा ठेवतात, दिव्याजवळ परातीत तांदळाचं पीठ पसरून वाटीने सपाट करतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून बघायचं. पिठावर काही उमटलेलं असलं, की गेलेला जीव मार्गी लागला. पक्ष्याचं पाऊल, गाईचा खूर, ज्याला जे दिसेल ते. आत्याने पहिल्या सकाळी टोपली उचलली. पीठ कोरं. दुसऱ्या सकाळी कोरं. तिसऱ्या सकाळी चाळीतल्या चार बायका वाकून बघत होत्या आणि पिठावर एक रेघ नव्हती. माझं मत विचाराल तर मी आदल्या दिवशी खोलीत झुरळांचं औषध मारलं होतं. पण मत कोणी विचारलं नाही.

आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि आईकडे वळली. "तेचो जीव अडाकलो हा गो. चार माणसांत तू तेचो अपमान केलंस, ता तेच्या मनातसून गेला नाय. आता तरी बोल. फोटोसमोर उभी ऱ्हव आणि चुकला म्हण. म्हणाक काय जाता?"

बायका सगळ्या आईकडे बघायला लागल्या. फोटो त्या सत्काराचाच होता, गळ्यात शाल, चेहऱ्यावर हसू. खाली फ्लेक्सवाल्याने मंडळाच्या सांगण्यावरून छापलं होतं, माजी सुपरवायझर.

माझ्या डोक्यात सणक गेली. "काय चुकलं तिचं?" मी म्हटलं. "ती खोटं बोलली होती का? विचारा ना तिला, ते कुठे..."

आईने माझं मनगट धरलं. शिवणकाम करणाऱ्या बाईचा हात, चिमट्यात धरल्यासारखं वाटलं. "तू गप," ती म्हणाली. मग आत्याला म्हणाली, "वन्सं, बोलते मी."

ती उठली. गुडघ्यामुळे तिला भिंत धरून उठावं लागतं. फोटोसमोर उभी राहिली, पदर नीट केला. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्या माणसाला उद्देशून एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते कोणतं असावं हेसुद्धा तिला दुसऱ्यांनी सांगितलं होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुम्ही सुपरवायझरच होता."

आत्याने डोळ्याला पदर लावला. बायका हळहळल्या. मी मोरीचं दार लावून घेतलं आणि नळ पूर्ण सोडून दिला. रडले नाही. दात ओठ खाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

चौथ्या सकाळी पिठाच्या कडेला दोन-चार वाकड्या रेघा होत्या. औषधाचा जोर ओसरला होता एवढाच त्याचा अर्थ. "बघलंस? पाखराचो पाय!" आत्या म्हणाली. शेजारच्या काकूंनी तर पाय नखांसकट पाहिला. आत्याने समाधानाने पीठ तुळशीत ओतलं, दोन घास जेवली आणि दुपारी पुतण्याकडे डोंबिवलीला गेली, दहाव्याला येते म्हणून.

घरात आम्ही दोघीच उरलो. सुतकात मशीनला हात लावायचा नाही म्हणून आई नुसती मशीनजवळ बसली होती.

"का बोललीस?" मी विचारलं. "सांगू द्यायचं होतंस मला."

"काय सांगणार होतीस? सलाम मारायचे ते?"

मी मनगट चोळत राहिले.

"लोकांत त्यांचं एक नाव आहे," ती म्हणाली. "तेवढं तरी राहू दे. माझं काय गेलं?" मग थोडा वेळ ती हाताच्या शिरा चेपत बसली. पाचवा दिवस झाला, सहावा झाला, लोक यायचे थांबले, आत्याही गेली. आता विचारायला तिच्याखेरीज कोणी उरलं नव्हतं.

"शुद्ध होती ना गं त्यांना?" तिने विचारलं.

"होती."

"मग?"

माझ्या तोंडाशी सगळं तयार होतं. माफ कर म्हणाले. सांभाळ म्हणाले. तिच्यामुळे घर चाललं म्हणाले. असली वाक्यं मी झोपेतसुद्धा रचू शकते. पण मनगटावर अजून तिच्या बोटांचे वळ होते, आणि फोटोसमोर उभी राहिलेली ती मला दिसत होती. मला वाटलं, पुरे. हिला एकदा कळू दे, आपण कोणाची माफी मागितली ते. हो, मला तिला दुखवायचं होतं. त्या माणसाला आता दुखवता येत नव्हतं, म्हणून तिला.

"म्हणाले, तुझ्या आईला सांग, उद्यापासून डबा नको. उगाच येऊन उभी राहते." मी त्यांच्याच आवाजात सांगितलं. हातही तसाच हलवून दाखवला. काही गाळलं नाही, काही घातलं नाही.

आई माझ्या हाताकडे बघत राहिली. मला वाटलं ती आता मोडणार, आणि आपण हे काय केलं असं होऊन मी पुढे सरकले.

"उभी राहते म्हणाले?" तिने विचारलं.

"हो."

"असंच म्हणाले?"

"असंच. अगदी असंच."

तिने पदराने तोंड पुसलं. "म्हणजे दिसत होते मी त्यांना," ती म्हणाली.

 तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्या तिखल्याच्या बुधवारीही नव्हतं. बावीस वर्षं मी हिच्यासाठी गोड शब्द रचले, त्यापायी माझं नाशिक गेलं, आणि हिला लागत होतं ते एवढंसं. हे तर तो माणूस कोणत्याही दिवशी देऊ शकला असता. फक्त मान वळवायची होती. राग इतका आला की फोटो उचलून आपटावा.

आई भिंत धरून उठली, दारापर्यंत गेली. सुतक म्हणून बाहेर पडली नाही, उंबऱ्यात उभी राहून शेजारच्या काकूंना हाक मारली. काकू आल्या तशी तिने आवाज खाली आणला, पण आमच्या खोलीत काही लपत नाही.

"शेवटपर्यंत शुद्धीत होते हो," ती सांगत होती. "माझे गुडघे दुखतात ना, म्हणून जीव तुटत होता त्यांचा. पोरीला म्हणाले, तुझ्या आईला सांग, आता डबा नको आणू म्हणावं. किती वेळ उभी राहते ती."

काकू हुंदके द्यायला लागल्या. मी आत बसून ऐकत होते. त्यातला एकही शब्द मी घातलेला नव्हता.